साखर, स्थूलता आणि हाडांची बळकटी



देह भरलेला तर हाड मजबूत, अशी आपली जुनी समजूत आहे. ती अगदीच निराधार नाही. भार पेलताना हाडाची घनता काहीशी वाढते. परंतु घनता म्हणजे बळकटी नव्हे. अतिरिक्त साखरेने स्थूलता वाढते आणि स्थूलतेमागून बहुधा मधुमेह येतो. प्रौढ वयात जडणाऱ्या या मधुमेहात हाडाची घनता तपासणीत चांगली भरते, आणि तरीही खुब्याचे हाड मोडण्याचा धोका इतरांहून अधिक असतो. हाड केवळ कॅल्शियमचे नसते. कोलॅजन या प्रथिनाचे तंतू त्यास लवचिकपणा देतात. रक्तातील वाढलेली शर्करा वर्षानुवर्षे या तंतूंना चिकटून त्यांना ताठर करते. मग साध्या पडण्याचेही निमित्त पुरते.

जागतिक आरोग्य संघटनेने २०१५ साली घालून दिलेल्या मर्यादेनुसार २,००० उष्मांकांच्या आहारात वरून घातलेली साखर ५० ग्रॅमहून कमी, म्हणजे सुमारे १२ चमच्यांच्या आत असावी. गुळालाही यातून सूट नाही! चार कप गोड चहा आणि एक बाटली शीतपेय यांतच ही मर्यादा ओलांडली जाते.

हाडांचा बहुतेक साठा विशीपर्यंत जमतो. म्हणून शाळेच्या फाटकाशी विकली जाणारी पेये दुधाची जागा घेतात, याची चिंता शिक्षकांनी वाहावी. १०० ग्रॅम नाचणीत ३०० मिलिग्रॅमहून अधिक कॅल्शियम असते. खेळाने आणि उन्हानेही हाड घडते. परंतु शाळेच्या मैदानावर ट्रॉल्या कोणाच्या उभ्या असतात, हे पंचायत सदस्यांना मी सांगावयास नको.