शिक्षा कमी पडली, तर दाद कोणी मागायची?



साहित्याच्या व्यासपीठावर वकिलाने कोर्टाची गोष्ट सांगावी का, असा संकोच मलाही वाटला. पण विषय आपल्या घरांतला आहे. होळकरांच्या चाकरीत पिढ्यांपूर्वी माळव्यात आलेल्या आपल्या कुटुंबांनी भाषा जपली, सणवार जपले. त्याबरोबर 'घरातले घरातच राहू द्या' हेही जपले.

काही वर्षांपूर्वी एक बाई वडिलांना घेऊन माझ्याकडे आल्या. नवऱ्याचा छळ कलम 498अ खाली शाबीत झाला होता. या कलमात तीन वर्षांपर्यंत कैद होती, पण किमान शिक्षा नव्हती. दिलेली शिक्षा होती कोर्ट उठेपर्यंत कैद आणि थोडा दंड. म्हणजे संध्याकाळपर्यंत बाकावर बसायचे, मग घरी जायचे. निकालात कारणे होती: पहिलाच गुन्हा, म्हातारी आई, घरगुती वाद.

"वकीलकाका, मला अपील करायचंय," बाई म्हणाल्या.

मला सांगावे लागले की ते तुम्हाला करता येत नाही.

2009च्या अखेरीस फौजदारी प्रक्रिया संहितेच्या कलम 372ला परंतुक जोडले गेले आणि पीडिताला अपिलाचा हक्क मिळाला. पण तो तीनच बाबतींत: आरोपी सुटला, कमी गंभीर गुन्ह्यात दोषी ठरला, किंवा भरपाई अपुरी मिळाली. शिक्षा अपुरी आहे, हे कारण त्यात नाही. सर्वोच्च न्यायालयाने 2020 साली परविंदर कंसल खटल्यात हेच स्पष्ट केले. शिक्षा वाढवून मागण्याचे अपील कलम 377 खाली सरकारने करायचे. 1 जुलै 2024 पासून नवी संहिता आली, कलमांचे आकडे 413 आणि 418 झाले. ही फट तशीच राहिली. भरपाईच्या रकमेवर बाईंनी भांडावे आणि शिक्षेवर गप्प बसावे, यातला तर्क मला आजतागायत उमगलेला नाही.

इंग्लंडात 1988च्या कायद्यानुसार ठराविक गुन्ह्यांत कोणीही 28 दिवसांच्या आत अॅटर्नी जनरलना शिक्षा तपासायला सांगू शकतो. पुढे न्यायचे की नाही, हे तेच ठरवतात. शिवाय खालच्या मॅजिस्ट्रेट कोर्टातल्या शिक्षा या सोयीबाहेर आहेत, आणि घरगुती मारहाणीची पुष्कळ प्रकरणे तिथेच संपतात. तरी विचारायचे कोणाकडे आणि किती दिवसांत, एवढे तरी तिथे ठरलेले आहे.

कोणी म्हणतात, 498अचा गैरवापर होतो. होतही असेल. पण खोटी तक्रार असेल तर आरोपीला निर्दोष सोडावे. शाबीत झालेला गुन्हा हलका का करायचा?

एक वाट मात्र उरते. नव्वद दिवसांत पुनरीक्षण अर्ज करता येतो. तो हक्क नव्हे. ऐकायचे की नाही ही कोर्टाची मर्जी. सरकारी अपिलातही जोखीम आहेच: त्यात आरोपी स्वतःची निर्दोष सुटकाही मागू शकतो. हे सगळे बाईंसमोर ठेवले. सरकारी वकिलांकडे विनंती दिली, तिचे उत्तर आले नाही. पंचाहत्तराव्या दिवशी निकालाची नक्कल हाती आली. वडील म्हणाले, "बाळ, जाऊ दे आता. लोक काय म्हणतील?"

त्यांनी वडिलांकडे पाहिले नाही. "सही कुठं करायची?" एवढेच विचारले.