विद्यापीठाच्या दारातला उत्सव

सण-उत्सव हे श्रद्धेचे आणि हौसेचे विषय असून त्यांत विद्यापीठाने अभ्यासण्याजोगे काही नाही, हा समज आता मागे पडला आहे. फ्रेंच समाजशास्त्रज्ञ एमील दुर्खीम याने १९१२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या धर्मविषयक ग्रंथात असे मांडले की, माणसे ठरल्या दिवशी एकत्र जमतात तेव्हा एकट्यादुकट्याला न येणारी एक भारलेली अवस्था निर्माण होते आणि तिच्यातूनच समाजाला आपल्या एकत्वाची जाणीव होते. या अवस्थेला ‘सामूहिक उल्हास’ म्हणता येईल. मानवशास्त्रज्ञ इरावती कर्वे यांनी पंढरीच्या वारीत स्वतः चालून जे लिहिले, त्यातून या मांडणीची मर्यादाही दिसते, कारण एकाच विठ्ठलाच्या नावाने चालणाऱ्यांच्या पंगती तेथे जातवार वेगळ्या बसत होत्या. उत्सव माणसांना जोडतो खरा, पण कोणाला कोणाशी आणि कुठवर, हाच अभ्यासकाचा खरा प्रश्न आहे.

छत्रपती संभाजीनगर जिल्ह्यात या प्रश्नासाठी सामग्रीची वाण नाही. संत एकनाथांनी १५९९ मध्ये देह ठेवला त्या फाल्गुन वद्य षष्ठीला पैठणच्या गोदाकाठी दिंड्या येतात आणि अष्टमीला काल्याची हंडी फुटली की परततात. नाथांचे गुरू, देवगिरीचे जनार्दनस्वामी, यांच्या चरित्रातील प्रसंगही परंपरेने याच तिथीला जोडले आहेत. खुलताबादला चौदाव्या शतकातील चिश्ती सूफींच्या दर्ग्यांत उरूस, म्हणजे पुण्यतिथीचे सोहळे, भरतात आणि हिजरी वर्षात अधिक मास नसल्याने ते दरवर्षी सुमारे अकरा दिवस अलीकडे सरकत सगळ्या ऋतूंतून फिरतात. या दर्ग्यांचा इतिहास कार्ल अर्न्स्ट या अमेरिकी अभ्यासकाने १९९२ च्या आपल्या ग्रंथात मुख्यतः ‘मलफुजात’, म्हणजे सूफींच्या संभाषणांच्या फारसी नोंदी, चिकित्सकपणे वाचून उभा केला. या दोन्ही उत्सवांचा आरंभ मात्र चरित्रे, दंतकथा आणि जुने कागद यांच्या आधारेच शोधावा लागतो.

ज्याचा जन्म हयात माणसांनी पाहिला आहे, असा उत्सव अभ्यासकाच्या वाट्याला क्वचित येतो, आणि छत्रपती संभाजीनगर शहरात तो विद्यापीठाच्या दारातच साजरा होतो. १९५८ मध्ये स्थापन झालेल्या मराठवाडा विद्यापीठाला डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांचे नाव देण्याचा ठराव विधिमंडळाने २७ जुलै १९७८ रोजी केला, त्यानंतर मराठवाड्यातील दलित वस्त्यांवर हल्ले झाले, घरे जळाली, माणसे मारली गेली. या नावाच्या मागणीसाठी निघालेला १९७९ चा लाँग मार्च आणि त्यापुढची कित्येक वर्षांची आंदोलने यांनंतर १४ जानेवारी १९९४ रोजी ‘डॉ. बाबासाहेब आंबेडकर मराठवाडा विद्यापीठ’ असा नामविस्तार झाला. तेव्हापासून या तारखेला मराठवाड्याच्या गावोगावचे लोक कुटुंबासह येथे येतात. पांढऱ्या साड्यांतल्या बायका प्रवेशद्वारासमोर हात जोडतात, लेकराला उचलून कमानीवरचे नाव दाखवतात. रस्त्याकडेला पुस्तकांची दुकाने लागतात, भीमगीते सुरू असतात, आणि निरनिराळ्या पक्षसंघटना आपापल्या सभा घेतात.

एका शैक्षणिक संस्थेची कमान पुरोहितावाचून आणि तिथीवाचून वंदनीय कशी झाली, हा धर्माच्या अभ्यासातला पहिल्या प्रतीचा प्रश्न आहे. त्याच्या उत्तराचा एक भाग शोकात आहे, कारण पोचीराम कांबळे आणि गौतम वाघमारे यांच्यासारख्या या लढ्यातील शहिदांच्या स्मरणावाचून या दिवसाचा आनंद पुरा होत नाही, आणि शोकासाठी जमणेही समूहाला बांधते, हे दुर्खीमनेच त्याच ग्रंथात दाखवले होते. दुसरा भाग वेगवेगळ्या व्यासपीठांत आहे: समता हेच ज्या दिवसाचे प्रयोजन, त्या दिवशीही नेतृत्वाच्या वाटण्या उघड दिसतात, आणि अभ्यासकाने त्यांवर पांघरूण घालणे म्हणजे कर्वे यांनी दाखवलेल्या वाटेवरून मागे फिरणे होय. शिवाय १४ जानेवारी ही बहुधा मकर संक्रांतीचीही तारीख असते. तिळगूळ आणि निळा झेंडा एकाच दिवशी एकाच शहरात असताना शेजारीपाजारी एकमेकांकडे जातात की नाही, हे घरोघरी जाऊन विचारण्यासारखे आहे.

लोकसाहित्याचे अभ्यासक डॉ. प्रभाकर मांडे यांनी याच विद्यापीठात अध्यापन करताना गावगाड्याबाहेरच्या समाजांपर्यंत अभ्यास नेला, तेव्हा अशा कामाला येथे भक्कम पाया आहे. लाँग मार्चमध्ये विशीत चाललेले कार्यकर्ते आज साठी ओलांडून सत्तरीकडे झुकले आहेत. त्यांच्या आठवणी, तेव्हाची पत्रके, गाण्यांच्या वह्या आणि छायाचित्रे यांची नोंद इतिहास, समाजशास्त्र आणि मराठी या विभागांच्या विद्यार्थ्यांनी ही माणसे हयात आहेत तोवर करावी, आणि ज्यांच्या घरी असे कागद पडून असतील त्यांनी ते रद्दीत न घालता ग्रंथालयाच्या स्वाधीन करावेत.