हर्बी निकल्स यांची उपेक्षित त्रयी

जॅझमधील त्रयी म्हणजे बहुधा पियानो, डबल बास आणि ड्रम्स यांचा मेळ. त्याची रूढ रीत अशी, की आधी मूळ धून वाजवायची, मग तिची सुरावट बाजूला सारून तिच्या तळाशी असलेल्या स्वरसंघांच्या, म्हणजे एकाच वेळी उमटणाऱ्या स्वरसमूहांच्या, क्रमावर उत्स्फूर्त विस्तार करायचा आणि अखेरीस धुनेकडे परतायचे. न्यूयॉर्कचे पियानोवादक हर्बी निकल्स (१९१९–१९६३) यांनी ‘ब्लू नोट’ कंपनीसाठी मे १९५५ ते एप्रिल १९५६ या काळात पाच बैठकांत जे ध्वनिमुद्रण केले, त्यात ही रीत पाळूनही तिचा हेतू पालटलेला आढळतो.

त्यातूनच निघालेल्या ‘हर्बी निकल्स ट्रायो’ या ध्वनिमुद्रिकेत मॅक्स रोच ड्रम्सवर, तर अल मॅकिबन आणि टेडी कोटिक आलटून पालटून बासवर आहेत. संगीतकार जॉर्ज गर्श्विन यांची ‘माइन’ ही एक धून वगळता सर्व रचना निकल्स यांच्याच आहेत. ख्यालात बंदिशीचा मुखडा जसा विस्तारभर गायकाची पाठ सोडत नाही, तशी येथे मूळ सुरावट विस्तारातही वारंवार डोकावते, आणि तिच्यात मुद्दाम राखलेल्या मोकळ्या जागा रोच केवळ लयीने नव्हे, तर ड्रम्सच्या उंच-खोल नादांनी भरतात, त्यामुळे तालवाद्य साथीचे न राहता धुनेचाच एक अवयव बनते. ‘हाउस पार्टी स्टार्टिंग’ या रचनेचे नाव घरगुती मेजवानीचे, परंतु तिचे स्वरसंघ अपेक्षित ठिकाणी विसावत नाहीत, आणि उत्सवाच्या आरंभीच एक खिन्न छटा पसरते; या मुद्रिकेतील सर्वांत परिपक्व रचना हीच मानावी लागेल.

तरीही हे संगीत उपेक्षितच राहिले. या उपेक्षेचे कारण संगीताच्या दुर्बोधतेत शोधण्याचा प्रघात आहे, पण तो फारसा पटणारा नाही, कारण गायिका बिली हॉलिडे यांनी शब्द दिलेली ‘लेडी सिंग्ज द ब्लूज’ ही धून निकल्स यांचीच, आणि ती पुष्कळांच्या ओठी रुळली. खरी अडचण व्यवहाराची होती: स्वतःच्या रचनांसाठी ट्रम्पेट-सॅक्सोफोनसह मोठा वाद्यमेळ त्यांना ध्वनिमुद्रणात कधीच लाभला नाही, उदरनिर्वाहासाठी जुन्या न्यू ऑर्लीन्स धाटणीच्या, म्हणजे डिक्सिलँड, वादकसंघांत वाजवावे लागले, आणि ‘ब्लू नोट’कडील बरेचसे मुद्रण त्यांच्या हयातीत प्रसिद्धच झाले नाही. रक्ताच्या कर्करोगाने वयाच्या ४४ व्या वर्षी त्यांचे निधन झाले.

पुढे समीक्षक ए. बी. स्पेलमन यांनी आपल्या १९६६ च्या जॅझविषयक ग्रंथात त्यांना एक प्रकरण दिले, आणि ट्रॉम्बोनवादक रॉसवेल रड व नंतर ‘हर्बी निकल्स प्रोजेक्ट’ हा वादकसंघ यांनी त्यांच्या रचना सुषिर वाद्यांसह सादर केल्या. या आवृत्त्यांत रचनांची अंतर्गत बांधणी अधिक ठळक होते हे खरे. मात्र पियानोचे वाक्य संपताच ड्रम्सने दिलेले थेट उत्तर त्या भरगच्च मेळात झाकोळते, आणि त्यासाठी मूळ त्रयीच ऐकावी लागते.