देहाचाही कस लावावा



सोन्याचा कस लावण्यात आपली सोनार ज्ञाती निष्णात. परंतु कॅडमियममिश्रित डाख तापविताना निघणारा धूर ज्या देहात शिरतो, त्या देहाचा कस आपण कधी लावला आहे काय? मूत्रपिंडात साठलेल्या या धातूचा निम्मा अंश बाहेर पडावयासही १० ते ३० वर्षे लागतात. रक्तातील प्रमाण मुख्यतः अलीकडील संपर्क दर्शविते. लघवीतील प्रमाण वर्षानुवर्षांचा संचय सांगते. यास्तव दोन्ही तपासण्या आवश्यक होत. अमेरिकेच्या १९९२ च्या कामगार-संरक्षण नियमांत लिटरभर रक्तात ५ मायक्रोग्रॅमहून अधिक कॅडमियम हा इशारा गणिला आहे. साठलेला धातू काढून टाकणारे खात्रीचे औषध नाही. तेव्हा कॅडमियमरहित डाख वापरणे हाच उपाय. मंडळाने प्रत्येक कारागिराची ही परीक्षा करवावी, एवढीच आमची नम्र विनंती.