हप्ता चुकला, तो कुणामुळे?

चुलीवरचं आधण उतरलं असेल, तर दहा मिनिटं रेडिओजवळ बसा. आज पैशाचं बोलायचंय आणि करमणुकीचंही.

आमच्या गटाची बैठक दर महिन्याच्या 5 तारखेला असते. गेल्या महिन्यात आमच्या एका ताई मान खाली घालून बसल्या होत्या. सहा वर्षांत पहिल्यांदाच त्यांचा कर्जाचा हप्ता परत गेला होता. खात्यात हप्त्यापुरतेच पैसे होते आणि 3 तारखेला त्यातून 299 रुपये आपोआप कापले गेले. वर बँकेचा दंड. पासबुक पाहिलं तेव्हा उलगडा झाला. मुलानं ‘पहिला महिना मोफत’ बघून सिनेमाचं एक ॲप घेतलं होतं. महिना संपला, मोफतही संपलं.

त्या दिवशी आम्ही सगळ्यांनीच आपापले मोबाईल उघडले. तिघींच्या खात्यातून असेच पैसे जात होते. एकीचे तर 299 आणि 149, दोन ठिकाणी! वर्षाचा हिशेब केला तर 5,376 रुपये. तेवढ्यात शिलाई मशीनच्या कर्जाचे दोन-तीन हप्ते गेले असते.

ही वर्गणी वाढतच जाते. ॲमेझॉन प्राइम 2016 साली वर्षाला 499 रुपयांना मिळत होतं, 2021 च्या अखेरीस ते 1,499 झालं. 2025 पासून त्यातल्या सिनेमांमध्ये जाहिराती येतात आणि त्या नको असतील तर वेगळे पैसे पडतात.

मग काय करायचं? टीव्ही बंद करायचा? मुळीच नाही. दिवसभर राबणाऱ्या बाईला संध्याकाळी एखादी मालिका बघाविशी वाटली, तर ती चैन नाही. पण पर्याय माहीत हवेत.

पहिला पर्याय डीडी फ्री डिशचा. ही सरकारी सेवा 2004 पासून आहे. डिश आणि पेटीचे पैसे एकदाच भरायचे, दर महिन्याला काही नाही. आपली सह्याद्री वाहिनीही त्यावर दिसते. दुसरा पर्याय प्रसार भारतीचं ‘वेव्ह्ज’ ॲप. नोव्हेंबर 2024 मध्ये गोव्याच्या चित्रपट महोत्सवात ते सुरू झालं. दूरदर्शनच्या जुन्या मालिका त्यावर आहेत आणि बरंचसं फुकट आहे. यूट्यूबवर सह्याद्रीचे कार्यक्रमही मिळतात. नेटचा डेटा मात्र जातो, तेवढं लक्षात असू द्या.

एखादं पैशाचं ॲप हवंच असेल, तर वर्षाचं घेऊ नका. एक महिना घ्या, हवं ते बघा, बंद करा. पुढच्या वेळी दुसरं. आणि आपल्या रिचार्जमध्येच एखादं ॲप मिळतंय का, ते आधी बघा.

बंद कसं करायचं? मोबाईलवरून ॲप काढून टाकलं म्हणजे वर्गणी बंद होत नाही, इथेच आपण फसतो. ज्या ॲपवरून आपण पैसे पाठवतो, त्यात ‘ऑटोपे’ शोधा आणि तिथून रद्द करा. रिझर्व्ह बँकेच्या नियमानुसार असे पैसे कापण्याच्या किमान 24 तास आधी सूचना यायला हवी. तो मेसेज न वाचता पुसू नका.

आणखी एक. व्हॉट्सॲपवर ‘सगळे सिनेमे फुकट’ अशी लिंक आली, तर ते ॲप चुकूनही घेऊ नका. त्यातून खातं रिकामं होऊ शकतं. फसवणूक झालीच, तर लगेच 1930 वर फोन करा.

आणि हो, गावातलं वाचनालय विसरू नका. तिथली वर्गणी आपल्याला न विचारता कापली जात नाही!

त्या ताईंच्या घरी मग काय झालं? भांडण नाही झालं. मायलेकांनी बसून ठरवलं: वर्षातून दोन महिने ॲप, तेही परीक्षा झाल्यावर. सासूबाईंच्या कीर्तनासाठी फ्री डिश. आणि पैसे भरायच्या आधी आईला विचारायचं. या 5 तारखेला ताईंचा हप्ता वेळेवर आला. त्या मान वर करून बसल्या होत्या, ते बघून आम्हालाच बरं वाटलं.

तर मैत्रिणींनो, आज रात्री जेवणं झाली की घरातल्या सगळ्यांचे मोबाईल तपासा. काय सापडलं ते पुढच्या बैठकीत सांगा. नमस्कार!