निंबसच्या जिन्यावरचे मासे



मृगाचा पाऊस लागला की ओढ्याच्या गढूळ पाण्याविरुद्ध वर निघणारे चढणीचे मासे कोकणातल्या आणि मावळातल्या माणसाला सांगावे लागत नाहीत. आज ज्या माशाबद्दल बोलणार आहे तो चढणीचाच, पण त्याची चढण फार लांबची. उत्तर अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्यावरच्या एखाद्या नदीत तो जन्मतो, वर्ष-दोन वर्षांचा झाला की पॅसिफिक महासागरात उतरतो, तिथं खाऊनपिऊन तगडा होतो आणि विणीसाठी पुन्हा त्याच नदीत शिरतो. त्याचं नाव स्टीलहेड. शास्त्राच्या हिशेबानं स्टीलहेड आणि रेनबो ट्राउट ही एकच जात. ट्राउट जन्मभर नदीत राहतो, स्टीलहेड समुद्र पाहून येतो. त्याच नद्यांतला सॅमन एकदा अंडी घातली की मरतो. स्टीलहेडपैकी काही मात्र वीण झाल्यावर पुन्हा समुद्राकडे जातात आणि पुढच्या एखाद्या हिवाळ्यात परत येतात.

हा मासा कुठल्या निर्मनुष्य दरीत पाहायला जावं लागत नाही. कॅलिफोर्नियाची राजधानी सॅक्रामेंटो. तिच्या अगदी वस्तीतून अमेरिकन नदी वाहते. निंबस धरणापासून सॅक्रामेंटो नदीच्या संगमापर्यंतचा हा शेवटचा पट्टा 23 मैलांचा. दोन्ही काठांना राखलेली हिरवी पट्टी, सायकलींचा रस्ता, पळणारी माणसं, वर पुलांवरून अखंड वाहतूक, मध्ये एक विद्यापीठ. आणि पाण्यात मांड्यांपर्यंत बुडून, रबरी विजारी घालून उभे असलेले गळवाले.

त्यांचा सण 1 जानेवारीला असतो. नोव्हेंबर-डिसेंबरात नदीत सॅमनची वीण चालू असते म्हणून वरच्या अंगाचा मोठा टप्पा गळाला बंद ठेवतात. तो नव्या वर्षाच्या पहिल्या दिवशी उघडतो. आदल्या रात्रीचा जल्लोष बाकीच्या शहराच्या डोळ्यांवरून उतरलेला नसतो, तेव्हा ही मंडळी अंधारात, त्या खोऱ्यातल्या दाट धुक्यात आपापली जागा धरून उभी असतात. गळाला कुणी माशांची अंडी लावतं, कुणी अंड्यासारखा दिसणारा नारिंगी मणी. यामागे साधं गणित आहे: सॅमननं वाळूगोट्यांत घातलेली अंडी प्रवाहानं सुटतात आणि स्टीलहेड खालच्या अंगाला ती टिपायला थांबलेला असतो. चार-पाच किलोचा मासा एकदा लागला की दोरी ज्या वेगानं पळते, त्या वेगासाठी माणसं अख्खा हिवाळा थंडीत घालवतात.

पण मासा काठाशी आला की पहिल्यांदा कुणी त्याचं वजन बघत नाही. बघतात त्याची पाठ. पाठीवरचा मोठा पर सोडून शेपटीच्या अलीकडे एक करंगळीच्या नखाएवढा मांसल पर असतो. तो असेल तर मासा नदीत जन्मलेला, ताबडतोब सोडून द्यायचा. तो कापलेला असेल, तिथं नुसता भरून आलेला व्रण असेल, तर मासा हॅचरीतला, म्हणजे मत्स्यबीज केंद्रातला. तो घरी नेता येतो. एवढ्याशा परावर सगळा कायदा उभा आहे. आणि तो पर जे सांगतो ते पूर्ण खरं नाही, हीच आजची गोष्ट.

त्यासाठी थोडं मागं जायला हवं. या नदीकाठी निसेनान लोक राहत आणि सॅमनवर त्यांचा मोठा निर्वाह होता. 24 जानेवारी 1848 रोजी याच नदीच्या दक्षिण शाखेवर, कोलोमा इथं, एका लाकूड कापायच्या गिरणीच्या पाटात जेम्स मार्शलला सोनं दिसलं. पुढचं जगाला ठाऊक आहे. जे कमी सांगितलं जातं ते हे की सोन्यासाठी पाण्याच्या जबर झोतांनी डोंगरच्या डोंगर धुऊन काढले आणि तो सगळा राडा नद्यांत आला. 1884 मध्ये न्यायालयानं त्याला लगाम घातला, तोवर विणीच्या जागा चिखलाखाली गेल्या होत्या. सोन्यासाठी उपसलेल्या गोट्यांचे ढीग नदीच्या आसपास अजून दिसतात.

तरीही माशांची वर जायची वाट पुरती मिटली नव्हती. ती वाट कायमची बंद झाली 1950 च्या दशकात. पूर थोपवायला, शेतीला पाणी आणि शहराला वीज द्यायला फॉल्समचं धरण बांधलं, 340 फूट उंच. त्याच्या खाली सात मैलांवर सोडलेलं पाणी सावरून धरणारं छोटं निंबस धरण. या दोहोंच्या वर नदीच्या तीन शाखा आहेत. सिएरा पर्वतातल्या बर्फाच्या गार पाण्याचे शंभराहून अधिक मैल एका झटक्यात माशांना परके झाले. आपल्या भाषेत बोलायचं तर हे धरणग्रस्त मासे. त्यांची भरपाई म्हणून 1955 मध्ये निंबस धरणाच्या पायथ्याशी हॅचरी सुरू झाली. ती बांधली धरणवाल्या केंद्रीय खात्यानं, चालवतं राज्याचं मत्स्य खातं. वर्षाला सुमारे 40 लाख सॅमनची आणि 4 लाख 30 हजार स्टीलहेडची पिल्लं सोडायची, असं तिचं उद्दिष्ट.

तिथलं काम बघण्यासारखं आहे. नदीतून हॅचरीत चढायला सिमेंटचा एक जिना आहे, पायरीपायरीवर पाणी ओसंडणारा. मासा त्याला धबधबा समजून उड्या मारत वर येतो आणि हौदात पोचतो. डिसेंबर ते मार्च हा स्टीलहेडचा हंगाम. सॅमन तसाही मरणारच, म्हणून त्याला मारून अंडी काढतात. स्टीलहेडला जिवंत ठेवायचं असतं. मादीला गुंगी देऊन टेबलावर घेतात, पोटात एक सुई टोचतात आणि तिच्यातून हलकेच हवा सोडतात. हवेच्या दाबानं वाटाण्याएवढी नारिंगी अंडी धारेनं भांड्यात उतरतात. गाभोळी पोट फाडूनच निघते हे पिढ्यान्‌पिढ्या पाहत आलेल्या आपल्या डोळ्यांना हा प्रकार नवलाचा वाटतो. वरून नराचं पोट दाबून त्याचं दूध त्यात सोडतात, ढवळतात, धुतात, आणि अंडी वाहत्या गार पाण्याच्या ट्रेमध्ये जातात. मादी शुद्धीवर आली की पुन्हा नदीत. अंड्यांतून निघालेली बोटुकली वाढवून, प्रत्येकीचा तो छोटा पर कापून, साधारण वर्षाची झाल्यावर सोडतात. परत किती येतील हे समुद्र ठरवतो. कधी हजारांनी येतात, कधी काही शेकड्यांवर भागवावं लागतं.

आता मूळ मुद्दा. हॅचरी सुरू झाली तेव्हा तिला पुरेसं बीज हवं होतं. अमेरिकन नदीचा स्वतःचा स्टीलहेड तोवर जवळजवळ संपला होता. मग बीज आणलं ईल नदीतून. ही नदी सॅक्रामेंटोच्या खोऱ्यातली नव्हेच. ती किनाऱ्याच्या डोंगररांगेपलीकडची, वायव्य कॅलिफोर्नियात थेट समुद्राला मिळणारी. तिचे मासे अंगानं मोठे, हिवाळ्यात येणारे. ते इथं रुजले. आज सॅक्रामेंटोचा गळवाला ज्याच्या लांबीरुंदीचं कौतुक करतो तो या ईलवाल्यांचा वंशज आहे.

1998 मध्ये सेंट्रल व्हॅलीतल्या, म्हणजे सॅक्रामेंटो नदी ज्यातून वाहते त्या विस्तीर्ण खोऱ्यातल्या, स्टीलहेडला केंद्रीय कायद्यानं संकटग्रस्त ठरवलं, संरक्षण दिलं. निंबसच्या माशांना त्या गटात धरलेलं नाही, कारण त्यांचं रक्त बाहेरचं. इथवर सरळ आहे. पण निंबसचे काही मासे नदीतही अंडी घालतात. त्यांची पिल्लं कुणाच्या कात्रीखाली गेलेली नसतात, त्यांचा पर शाबूत असतो, आणि म्हणून गळवाला त्यांना रानटी, मूळचे समजून मोठ्या अदबीनं सोडतो. जनुकं तपासली तेव्हा या नदीत जन्मलेले मासेही बहुतांश ईलच्याच गोतातले निघाले. उलट, या खोऱ्यातल्या धरणांच्या वर अडकून पडलेल्या, समुद्राचं तोंड न पाहिलेल्या रेनबो ट्राउटमध्ये जुन्या वंशाच्या खुणा जास्त टिकल्या आहेत. त्यांना स्टीलहेडचं संरक्षण नाही, कारण ते समुद्रात जात नाहीत. जाणार कसे? वाटेत धरण आहे.

हे ऐकून अमेरिकेला हसण्याआधी लोणावळ्याकडे बघावं. वळवणला टाटांच्या वीज कंपनीनं 1970 च्या दशकापासून महासीरची पैदास केली, आणि ते काम मोठंच आहे. आपल्या नद्यांतला हा मासा, देहूच्या इंद्रायणीत आणि महाडजवळच्या वाळणकोंडात लोकांनी देवाचा म्हणून राखलेला, इतर ठिकाणी सुरुंगानं आणि विषानं मारला जात होता. पण वळवणची बोटुकली कावेरीतही सोडली गेली. कावेरीत तिचा स्वतःचा, पाठीला बाक असलेला प्रचंड महासीर होता. गळवाल्यांनी पकडून सोडलेल्या माशांच्या नोंदी पुढे अभ्यासकांनी तपासल्या, तेव्हा दिसलं की आपल्याकडून गेलेला महासीर वाढत गेला आणि कावेरीचा बाकदार मासा हटत गेला. 2018 मध्ये त्याची गणना अतिसंकटग्रस्त जातींत झाली. दोन्हीकडे हेतू चांगला, मेहनत खरी. चूक एकच: मासा म्हणजे मासा, कुठल्याही नदीचा कुठंही चालतो, ही समजूत.

म्हणून हॅचरी बंद करा असं मी म्हणणार नाही. ती बंद झाली तर उद्या सॅक्रामेंटोत गळाला काही लागणार नाही, आणि गळ टाकायला कुणी आलं नाही तर नदीसाठी भांडायलाही कुणी उरणार नाही. पण हॅचरीनं टिकवली ती मासेमारी. नदी टिकवायचं काम वेगळं आहे आणि ते जास्त किचकट आहे.

त्याचा एक नमुना ऐका. स्टीलहेडचं पिल्लू वर्षभर नदीतच राहतं, म्हणजे सेंट्रल व्हॅलीचा कडक उन्हाळा त्याला इथंच काढायचा. पाणी 18 अंश सेल्सियसच्या वर गेलं की त्याची दमछाक सुरू होते. म्हणून वॉट अ‍ॅव्हेन्यूच्या पुलापाशी पाण्याचं तापमान मोजतात आणि ते साधारण तेवढ्यावर राखायचा प्रयत्न करतात. राखतात कसं? फॉल्समच्या जलाशयात वरचं पाणी कोमट आणि तळाचं गार. वीजघराकडे पाणी नेणाऱ्या तोंडांवर झडपा आहेत. त्या टप्प्याटप्प्यानं उचलून ठरवतात की आज कुठल्या थराचं पाणी सोडायचं. गार पाणी उन्हाळ्याच्या सुरुवातीलाच उधळलं तर सप्टेंबरात हात रिकामे. 2014 च्या दुष्काळात जलाशय इतका खाली गेला की हॅचरीलाच गार पाणी पुरेना. तेव्हा तिथले मासे वेळेआधी बाहेर हलवण्याची पाळी आली.

दुसरं काम गोट्यांचं. धरण पाणी सोडतं, पण वाळूगोटे मागेच अडवून ठेवतं. मादीला शेपटीनं खळगा करून अंडी पुरायला सुपारी ते लिंबाएवढे सुटे गोटे लागतात. 2008 पासून सेलर बार वगैरे ठिकाणी यंत्रं लावून नदीत असे गोटे टाकण्याचं काम सुरू झालं. बघायला अगदीच गद्य काम: डंपर, पिवळी यंत्रं, धुरळा. पण नवे गोटे पडल्यावर मासे तिथं खळगे करू लागतात. मला विचाराल तर जिन्यावरच्या उड्यांपेक्षा हे दृश्य आशा वाटायला लावणारं आहे.

धरणाजवळच्या फॉल्सम गावात इंटेल कंपनीचं मोठं केंद्र आहे आणि त्या भागात मराठी घरंही बरीच आहेत. आपल्यापैकी कुणी मुला-नातवंडांकडे तिकडे हिवाळ्यात गेलात, तर मॉलमधला एक दिवस कमी करा आणि हॅचरीत जाऊन या. तिकीट नाही. जिन्याशी उभं राहून मासे जवळून बघता येतात, मुलांना पिल्लांना खाणं टाकता येतं. आणि तिथल्या माणसाला एवढं जरूर विचारा की हे मासे मूळचे कुठल्या नदीचे.