आमच्या मुलाचं दुखणं आणि आम्ही

(मंडळाच्या गणेशोत्सवात केलेल्या भाषणाचा मजकूर)



आम्हाला विषय दिला होता 'बालसंगोपन'. आम्ही म्हटलं, त्यातलं एकच प्रकरण आम्हाला नीट ठाऊक आहे, ते सिकलसेलचं. अध्यक्ष म्हणाले, मग तेच सांगा. बोलतोय आमच्यातला एक जण, पण मजकूर रात्रीच्या जेवणानंतर दोघांनी बसून लिहिलाय. त्यामुळे 'आम्ही' म्हणजे खरोखरच आम्ही.

मुलगा आता नऊ वर्षांचा आहे. बारशाला तुम्ही त्याला पाहिलंत तेव्हा चांगला गुटगुटीत होता. जन्मानंतर पहिले पाच-सहा महिने गर्भातलं हिमोग्लोबिन बाळाला सांभाळून घेतं, म्हणून काही दिसत नाही. वर्षाचा होता होता हाता-पायांची बोटं सुजली. घरात तेल गरम झालं, शेक झाला, 'थंडी बाधली' असं ठरलं. मग इथे तपासणी, मग नागपूरला इलेक्ट्रोफोरेसिस आणि रिपोर्टवर दोनच अक्षरं, 'एसएस'. बारशाचे फोटो पुढे दोन वर्षं आम्ही उघडले नाहीत.

आजार समजायला अवघड नाही. रक्तातली तांबडी पेशी बशीसारखी गोल, मऊ असते. या मुलांची पेशी प्राणवायू कमी पडला की विळ्यासारखी वाकते, कडक होते आणि बारीक रक्तवाहिनीत अडकते. अडकली तिथे कळ उठते. साधी पेशी सुमारे १२० दिवस जगते, ही १० ते २० दिवसांतच मोडते. म्हणून रक्त कमी, डोळे पिवळट. ताप, थंडी, पाणी कमी पडणं, दमणूक, कशानेही दुखणं उसळतं.

आता खरं अवघड होतं ते सांगतो. रिपोर्ट आला त्या आठवड्यात घरात एकच प्रश्न होता, 'हे आलं कुणाकडून?' दोन्ही आज्यांनी आपापली घराणी चार पिढ्यांपर्यंत निर्दोष ठरवली. आम्ही दोघं एकमेकांशी फक्त औषधांबद्दल बोलत होतो. डॉक्टरांनी शेवटी कागदावर चार चौकोन काढले. आई-वडील दोघेही वाहक असतील तर प्रत्येक बाळंतपणात एक चतुर्थांश शक्यता आजाराची, निम्मी वाहक असण्याची, एक चतुर्थांश पूर्ण निरोगी असण्याची. म्हणजे एक खोट याच्याकडून, एक तिच्याकडून. हिशोब बरोबरीत सुटला! आम्ही दवाखान्याच्या पायऱ्यांवर बसून हसलो, आणि मग बराच वेळ रडलो.

तिथेच आणखी एक गोष्ट कळली. वाहक माणसाला मलेरिया सहजासहजी मारत नाही, हे १९५४ साली अ‍ॅलिसन नावाच्या संशोधकाने आफ्रिकेत दाखवलं. आपला हा वैनगंगेकाठचा जंगलपट्टा, मलेरियाचा. ज्या गोष्टीसाठी आम्ही घराण्यांना दोष देत होतो, तिनेच कदाचित आमच्या खापरपणज्यांना जगवलं असेल. दुःख कमी झालं नाही, पण राग कुठे ठेवायचा हा प्रश्न सुटला.

दोघांचं दुःख एकसारखं नव्हतं. आई रात्री उठून त्याच्या पोटाच्या डाव्या बाजूला हात लावून बघायची, कारण पानथरी अचानक वाढली तर धावावं लागतं असं डॉक्टरांनी शिकवलं होतं. वडील फायली करत होते. तारखा, आकडे, रंगीत चिकटपट्ट्या. तिला वाटायचं याला काही वाटतच नाही. याला वाटायचं आपणही रडलो तर घर कोण धरणार. या गैरसमजात दीड वर्ष गेलं. मग आम्ही दोन नियम केले, मोठे काही नाहीत. एक, दुखण्याच्या रात्री पाळी लावायची, एकाने जागायचं, दुसऱ्याने सक्तीने झोपायचं. दोन, जेवताना हिमोग्लोबिनचा आकडा काढायचा नाही. दुसरा नियम पाळणं जास्त कठीण गेलं.

दुखण्याची रात्र कशी असते, हे पाहिल्याशिवाय कळत नाही. पाणी पाजायचं, पांघरूण घालायचं, लिहून दिलेलं औषध द्यायचं आणि गोंदियाला निघायचं की पहाटेपर्यंत थांबायचं हे ठरवायचं. पाच वर्षांचा असताना एका रात्री तो म्हणाला, "आई, थोडं तू घे ना." आमच्याजवळ उत्तर नव्हतं. अजूनही नाही. गेली तीन वर्षं रोज हायड्रॉक्सीयुरिया चालू आहे, त्याने अशा रात्री पुष्कळ कमी झाल्या, ठरावीक दिवसांनी रक्त तपासून घ्यावं लागतं इतकंच.

एका बाबतीत आमचं अजून जमलेलं नाही. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात थॅलेसेमिया, हिमोफिलिया आणि सिकलसेल या तिन्हींचा समावेश झाला. आमच्यातल्या एकाला प्रमाणपत्र काढावंसं वाटतं, दुसऱ्याला तो शब्द पोराच्या नावापुढे नको आहे. अर्ज भरून कपाटात पडला आहे.

नागपूरच्या संपत रामटेके यांचं नाव काहींनी ऐकलं असेल. त्यांच्या मुलाला हाच आजार होता. त्यांनी इतर पालकांना गोळा करून सिकलसेल सोसायटी ऑफ इंडिया उभी केली. २०१८ मध्ये त्यांना मरणोत्तर पद्मश्री मिळाली. आमची त्यांची भेट झाली नाही. पण आपल्यासारखाच एक बाप रिपोर्ट हातात घेऊन उठला आणि दुसऱ्यांच्या दारी गेला, एवढं कळणंही त्या दिवसांत आम्हाला औषधासारखं लागू पडलं.

तुमच्याबद्दलही थोडं बोलतो. राग मानू नका. "बिचारा" हा शब्द त्याच्यासमोर नको, त्याला कान आहेत. "मागच्या जन्मीचं" हेही नको. आम्हाला सर्वांत उपयोगी पडली ती एक शेजारीण. तिने काहीही न विचारता महिनाभर आमच्या मोठ्या मुलीची वेणी घातली आणि तिला शाळेत सोडलं. मोठीला काही आजार नाही, ती वाहक आहे. तिला हे माहीत आहे, आणि लग्नाच्या वेळी आपण स्वतःच सांगणार असं ती आत्तापासूनच आज्यांना ऐकवते.

हा आजार फक्त आदिवासींचा, असं आपल्या बैठकांमध्ये अजूनही बोललं जातं. तसं नाही, विदर्भात आणि आपल्याकडे अनेक समाजांत तो आहे. १ जुलै २०२३ ला आपल्याच राज्यात शहडोलला राष्ट्रीय मोहीम सुरू झाली. ४० वर्षांपर्यंतच्या ७ कोटी लोकांची तपासणी करायचं उद्दिष्ट तेव्हा ठरवलं गेलं. पत्रिका जुळवायला आपण दोन-दोन गुरुजी गाठतो, बोटातल्या थेंबभर रक्ताला मात्र लाजतो. वाहकाचं लग्न अडत नाही. दोघेही वाहक असतील तर आधी कळलेलं बरं.

जाता जाता विसर्जनाच्या पथकाला एक विनंती. यंदा तोही येणार आहे, टेम्पोत पुढे बसेल. गुलाल खुशाल लावा, ताशाही हातात द्या. पाणी मात्र उडवू नका आणि नदीकाठी अंधार पडायच्या आत त्याला आमच्याकडे परत करा. स्वेटर घातलेला पाहून हसू नका, तो आधीच आमच्यावर चिडला आहे.